अकरा ते पाच : हुजूरपागेच्या शाळेची पहिली वर्षे

सन १८८४ च्या शरद ऋतूत पुणे शहरात महिन्याभराच्या आत दोन संस्था जन्मास आल्या. २९ सप्टेंबर रोजी मुलींसाठी एक हायस्कूल उघडले आणि २४ ऑक्टोबर रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची विधिपूर्वक स्थापना झाली. दुसऱ्या घटनेचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. चिपळूणकर, आगरकर, टिळक ही नावे ज्या संस्थेच्या पायाशी आहेत तिचे चरित्र लिहिण्यास लेखण्या कमी पडल्या नाहीत. पहिल्या घटनेची नोंद मात्र बहुधा स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणातील एका परिच्छेदात उरकली जाते, आणि त्या परिच्छेदाचा भावार्थही ठरलेला असतो : सुधारकांनी शाळा काढली, सनातन्यांनी विरोध केला, आणि अखेर सुधारकांचा जय झाला. हा सारांश असत्य नाही. परंतु भांडण नेमके कशावरून जुंपले होते, हे त्यातून कळत नाही. मुलींनी अक्षरओळख करून घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नाचा निकाल पुण्यात तोवर बव्हंशी लागून चुकला होता. वाद उरला होता तो घड्याळाचा. दुपारी अकरापासून सायंकाळी पाचपर्यंत बारा वर्षांची मुलगी कोठे असावी, घरात की शाळेत, या एका मुद्द्यावर पुण्याच्या दोन बुद्धिमान पक्षांनी पुढे कित्येक वर्षे शाई खर्ची घातली.

हा मुद्दा ध्यानात येण्यासाठी आधीच्या शाळांकडे पाहावयास हवे. १८४८ साली बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा विरोध होता तो अक्षरालाच. त्यासाठी त्या दांपत्याने जे सोसले ते सर्वश्रुत आहे. पुढच्याच वर्षी मुंबईस एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञानविषयक सभेने मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. या शाळांतून शिकवीत असत ते दादाभाई नौरोजींसारखे तरुण, तेही विनावेतन आणि आपापल्या कॉलेजाच्या वेळेपूर्वी, सकाळच्या प्रहरी. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या धनिकाने आपल्या वास्तूत जागा दिली म्हणून काही मुलींना डोक्यावर छप्पर मिळाले. या सर्व शाळा प्राथमिक होत्या आणि त्यांतील मुलीही लहान होत्या. सात-आठ वर्षांची मुलगी सकाळी दोन-तीन तास पाटीवर अक्षरे गिरवून आली, तर घरच्या कामाचा विशेष खोळंबा होत नसे. दहाव्या-अकराव्या वर्षी तिचे लग्न होई, शाळा सुटे, आणि सोडवली म्हणून कोणी तक्रारही करीत नसे.

१८७० साली पुण्यात स्त्री-शिक्षिकांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघाले. मेरी कार्पेंटर या इंग्रज बाईंनी हिंदुस्थानच्या प्रवासात धरलेल्या आग्रहाचे ते फळ होते. पण प्राथमिक शाळा आणि शिक्षिकांची पाठशाळा यांच्यामधली पायरी, म्हणजे हायस्कूल, देशी मुलींकरिता पुण्यात नव्हतेच. १८८२ साली हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण-कमिशन नेमले गेले आणि त्याच्यापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. नुकत्याच पुण्यास आलेल्या या विदुषीने त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापला होता आणि ब्राह्मणांच्या वाड्यांतून स्त्रियांच्या सभा भरू लागल्या होत्या. मुलींच्या शाळांना सरकारने सढळ हाताने अनुदान द्यावे, अशी शिफारस कमिशनने केली. इतकी तयारी झाल्यावर, ज्यांच्या मनात हा विचार बराच काळ घोळत होता त्या मंडळींनी महाराष्ट्र फीमेल एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था उभी केली. पुढे तिचेच नाव महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी झाले.

संस्थापकांची नावे पाहिली तर एक गोष्ट तात्काळ नजरेत भरते. वामन आबाजी मोडक हे शिक्षणखात्यातील नामांकित अध्यापक. महादेव गोविंद रानडे न्यायखात्यात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. शंकर पांडुरंग पंडित सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर आणि ‘वेदार्थयत्ना’चे कर्ते. त्यांच्या पाठीशी सर विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे उदारमतवादी इंग्रज अंमलदार होते, आणि वेडरबर्न यांनी आपल्या दिवंगत बंधूंच्या स्मरणार्थ शाळेस देणगीही दिली. म्हणजे संस्था खाजगी खरी, पण तिचे बहुतेक चालक सरकारी चाकरीतले. रयतेच्या वर्गणीपेक्षा गव्हर्नरच्या कृपादृष्टीवर ही मंडळी अधिक विसंबतात, असा टोमणा विरोधकांना सहज मारता आला, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. परंतु त्या काळी मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्याच्या पेठांतून वर्गणी मागत हिंडणाऱ्याच्या पदरात काय पडले असते, याचाही विचार टीकाकारांनी करावयास हवा होता.

या प्रयत्नांच्या ओघात हिराबागेत घडलेला एक प्रसंग रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत नोंदला आहे. मुलींसाठी हायस्कूल व्हावे अशी विनंती करणारा इंग्रजी मजकूर गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर, भरलेल्या सभेत, एका देशी स्त्रीने वाचावा असे ठरले, आणि ती कामगिरी आली बावीस वर्षांच्या रमाबाईंकडे. वयाच्या अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचताही येत नव्हते. पतीने शिकवले, मागाहून मिस हर्फर्ड नावाच्या बाई इंग्रजी शिकवण्यास येऊ लागल्या. परक्या धर्माच्या बाईशेजारी बसून धडा घेतल्यावर, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या सोवळ्याच्या नियमाप्रमाणे, स्नान केल्याशिवाय रमाबाईंना घरात वावरता येत नसे. अशा घरातली सून हजारो डोळ्यांसमोर उभी राहून साहेबासमोर इंग्रजी वाचते, हे सहन होण्यासारखे नव्हते. सभेत वाहवा झाली; घरी परतल्यावर सासरच्या स्त्रियांनी शब्दांचे जे फटके मारले ते त्या मुकाट्याने ऐकत राहिल्या. या प्रसंगातील एक खोच सहसा कोणी सांगत नाही. ज्या हायस्कुलासाठी रमाबाई बोलत होत्या, त्या हायस्कुलात त्यांना स्वतःला कधीच जाता येणार नव्हते. त्यांचे शिक्षण घरच्या चार भिंतींत, रात्रीच्या दिव्याशी आणि सासूनणंदांच्या नजरा चुकवून झालेले. शाळा व्हावी ती पुढच्या मुलींना असे चोरून शिकावे लागू नये म्हणून.

शाळा सुरू झाली आणि लवकरच तिला नारायण पेठेतील हुजूरपागेची जागा मिळाली. पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा एके काळी येथे होती. पेशवाई बुडाल्यावर ही मिळकत जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या हाती राहिली होती, आणि त्यांच्याच औदार्याने ती शाळेस लाभली. कागदोपत्री शाळेला लांबलचक इंग्रजी नाव होते, पण पुणेकरांनी ते कधी मनावर घेतले नाही. मुलगी ‘हुजूरपागेत’ जाते, एवढेच सांगितले की पुरे होई, आणि आजही होते. रमाबाईंना इंग्रजी शिकवणाऱ्या मिस हर्फर्ड याच शाळेच्या आरंभीच्या व्यवस्थापक होत्या. अभ्यासक्रम मुलांच्या हायस्कुलाच्या धर्तीवर आखला होता : मराठी, इंग्रजी, गणित, इतिहास, भूगोल आणि त्यांच्या जोडीला शिवणकाम. परमावधी होती मॅट्रिकची परीक्षा. आणि वेळही मुलांच्याच शाळांसारखी : दुपारी अकरा ते सायंकाळी पाच.

सहा तासांचा अर्थ समजून घ्यावयाचा, तर त्या काळच्या पुणेरी वाड्यातील बारा वर्षांच्या मुलीचा किंवा सुनेचा दिवस डोळ्यांपुढे आणला पाहिजे. पहाटे उठून सडासंमार्जन, मग कात्रजच्या तलावातून नळांनी पाणी येणाऱ्या हौदावरून पाणी भरणे, देवपूजेची तयारी, सोवळ्यातल्या स्वयंपाकात वडील बाईच्या हाताखाली वाटणेघाटणे. पुरुषांची पंगत दहा-साडेदहाला उठे, कारण कचेऱ्या आणि शाळा अकराला भरत. त्यानंतर बायकांची जेवणे, उष्टी काढणे, शेण फिरवणे. भांड्यांचा ढीग निघे तो साधारण अकराच्या पुढे. दुपार म्हणजे विसावा, हा पुरुषांचा समज. बायकांच्या दुपारी निवडणे-टिपणे, दळणे, वाती वळणे, पापड लाटणे, कुरडया घालणे, बाळंतिणीचे किंवा आजाऱ्याचे पाहणे यांत जात, आणि चार वाजले की पुन्हा चूल पेटे. अकरा ते पाच मुलगी घरात नसणे म्हणजे घराच्या कामाच्या व्यवस्थेतून एक हात कायमचा काढून घेणे होय. त्या जागी दुसरा हात आणावयाचा, तर एकतर मोलकरीण ठेवावी लागे किंवा म्हाताऱ्या सासूने पुन्हा पदर खोचावा लागे. पहिल्यास पैसा लागे आणि दुसरे ऐकून घेणाऱ्या सासवा पुण्यात फारशा नव्हत्या.

लोकमान्य टिळकांची टीका नेमकी या मर्मावर बोट ठेवणारी होती, आणि म्हणूनच तिला धर्मवेडाचे उद्गार म्हणून झटकून टाकणे मला अन्यायाचे वाटते. ‘मराठा’ आणि ‘केसरी’ या पत्रांतून, विशेषतः १८८७ साली ‘केसरी’ची सूत्रे आगरकरांकडून त्यांच्या हाती आल्यावर, त्यांनी या हायस्कुलाचा अभ्यासक्रम आणि वेळ या दोहोंवर कडक हल्ला चढवला. मुलींना इंग्रजी आणि मुलांचाच शिक्षणक्रम कशासाठी, मराठी, धर्म, गृहकृत्य आणि शिवणकाम यांवर भर का नको, हा त्यांचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप वेळेचा : अकरा ते पाच मुलीला घराबाहेर ठेवणे गृहव्यवस्थेस घातक आहे, शाळा तीन तासांची करावी, म्हणजे मुलगी घरचे कामही शिकेल आणि पुस्तकही. मुंबईच्या जुन्या शाळांची सकाळची वेळ ज्यांना आठवत असेल, त्यांना या सूचनेत काही नवे आढळणार नाही. टिळक शाळा बंद करा असे म्हणत नव्हते. घराच्या दिनक्रमाला धक्का न लावता जितके शिक्षण बसेल तितकेच बसवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सनातनी म्हणवणाऱ्या बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना हे म्हणणे अतिशय समंजस वाटले असणार यात मला शंका नाही.

या टीकेला धार आली ती मुंबईच्या न्यायालयात चालू असलेल्या एका खटल्याने. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने पतीच्या घरी नांदण्यास नकार दिला म्हणून दादाजी भिकाजी याने १८८४ साली, म्हणजे आपली शाळा निघाली त्याच वर्षी, फिर्याद लावली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी रखमाबाईच्या बाजूने निकाल दिला, आणि अपिलानंतर १८८७ च्या मार्चमध्ये नांदावयास जा अन्यथा तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तेव्हा ही शिकलेली तरुणी तुरुंग पत्करण्यास सिद्ध झाली. पुढे १८८८ साली तडजोडीने प्रकरण मिटले आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. पण पुण्यातल्या ओट्यांवर तोवर एक समीकरण बसून गेले होते : इंग्रजी शिकली की रखमाबाई होते. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहावर प्रसिद्ध केलेल्या १८८४ च्या टिपणांनी आणि पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने हे वातावरण आणखी तापले. दहा वर्षांची संमतीची मर्यादा बारावर नेण्यावरून सारा देश ढवळून निघाला असता, सतराव्या-अठराव्या वर्षी मॅट्रिक होणारी मुलगी ही कल्पनाच पुष्कळांना दंडनीय वाटली असल्यास नवल नाही. हायस्कुलाचा शिक्षणक्रम आणि मुलीचे लग्नाचे वय या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नव्हत्या. त्यांतील एक हलल्याशिवाय दुसरीला जागा नव्हती.

शाळेच्या चालकांनी या हल्ल्याला जे उत्तर दिले ते वाचून, खरे सांगावयाचे तर, किंचित वाईट वाटते. शिकलेली मुलगी अधिक चांगली गृहिणी होईल, पतीला योग्य सहचरी होईल, मुलांना संस्कार देईल, अशी हमी ते पुन्हा पुन्हा देत राहिले. शाळेमुळे घराचे काही बदलणार नाही हे पटवण्यात त्यांची पुष्कळ शक्ती गेली. आगरकरांचा मात्र या मिळमिळीत समर्थनाशी संबंध नव्हता. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केल्यावर त्यांनी मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे, आणि तेही एकत्र द्यावे, असा पक्ष मांडला. मुलींसाठी निराळी शाळाच कशाला, असा त्यांचा रोख होता. त्या दृष्टीने पाहिले तर हुजूरपागेचे चालक टिळक आणि आगरकर यांच्या मधोमध उभे होते, आणि दोन्ही बाजूंचा मारा सोसत होते. माझा ग्रह असा झाला आहे की शाळेचा खरा अर्थ तिच्या चालकांपेक्षा तिच्या विरोधकांनी अधिक स्वच्छ ओळखला होता. रोज सहा तास घराबाहेर, समवयस्क मैत्रिणींत, पुस्तकांत आणि परीक्षेच्या चिंतेत काढणारी मुलगी सायंकाळी परतते तेव्हा ती सकाळची राहिलेली नसते, हे टिळकांना दिसले होते. ते त्यांना नको होते, एवढाच फरक.

याच सुमारास आणखी एका संस्थेने पुण्यात खळबळ माजवली. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आले. विधवांसाठीच्या त्या वसतिगृहात मुली ख्रिस्ती होत असल्याचा बोभाटा झाला आणि १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांना त्यातून अंग काढून घ्यावे लागले. हुजूरपागेच्या शाळेवर तसा प्रसंग ओढवला नाही. चालक सगळे हिंदू घरंदाज गृहस्थ, शाळेत धर्मांतराचा वास नाही, आणि मुख्य म्हणजे बहुतेक मुली संध्याकाळी आपापल्या घरी जात. ज्या वेळापत्रकावर इतके भांडण झाले, त्याच वेळापत्रकाने शाळेला वाचवले असे म्हटले तरी चालेल. मुलगी पाचला घरी येते, आईबापांच्या नजरेखाली जेवते आणि निजते, या आश्वासनावर पुष्कळ पालकांनी मुली पाठवण्याचे धाडस केले.

बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहाची सोय होती, आणि वऱ्हाडापासून ब्रह्मदेशापर्यंत विखुरलेल्या मराठी कुटुंबांना त्या सोयीचा आधार वाटे. ब्रह्मदेशात मिंजान येथे जन्मलेली एक सात वर्षांची मुलगी १९१२ च्या सुमारास येथे येऊन राहिली. तिची वर्गमैत्रीण रँग्लर परांजपे यांची कन्या शकुंतला. परांजप्यांच्या घरी या मुलीला दुसऱ्या कन्येसारखे वागवले गेले आणि तेथल्या ग्रंथांच्या कपाटांनी तिच्या बुद्धीला खाद्य पुरवले. १९२२ साली मॅट्रिक झालेली ही विद्यार्थिनी म्हणजे मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या कमल रणदिवे आणि कवयित्री शांता शेळके यांच्या शालेय जीवनाचा भागही याच आवारात गेला. तोवर पागेच्या अंगणाचे आणि शाळेच्या इमारतीचे रूप पालटले होते, शेजारून नवा लक्ष्मी रस्ता वाहू लागला होता, आणि मुलींनी अकरा ते पाच शाळेत असणे ही गोष्ट कोणालाही टीकेची वाटत नव्हती. १९१८ नंतरची काही वर्षे पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावरून पुन्हा गदारोळ झाला, तेव्हा म्युनिसिपालिटीपुढे स्त्रियांचे नेतृत्व करण्यास उभ्या राहिल्या त्या हिराबागेत इंग्रजी वाचणाऱ्या रमाबाईच. मधल्या काळात त्यांनी पुण्याची सेवासदन संस्थाही उभारली होती.

असा हा इतिहास सांगताना आपण नेहमीच प्रसिद्ध नावांवर येऊन थांबतो, आणि ते अटळही आहे. पण पहिल्या वीस वर्षांत हुजूरपागेच्या हजेरीपटावर ज्यांची नावे चढली त्यांतील बहुसंख्य मुली मॅट्रिकपर्यंत पोचल्याच नाहीत. इंग्रजी तिसरी किंवा चौथीपर्यंत आल्यावर लग्न ठरले, सासर दुसऱ्या गावी निघाले, किंवा घरात बाळंतपण आले की नाव कमी होई. या अर्धवट सुटलेल्या शिक्षणानेच पुण्याच्या, साताऱ्याच्या, नागपूरच्या घराघरांतून पुढच्या पिढीच्या मुली शाळेत पाठवण्याचा हट्ट धरणाऱ्या आया निर्माण केल्या, असे मला वाटते. परंतु त्यांच्याविषयी सांगणारे कागद शाळेच्या दफ्तरापेक्षा घरोघरच्या ट्रंकांतच असण्याचा संभव अधिक. बक्षीस म्हणून मिळालेले पुस्तक, त्यावर शाळेचा शिक्का, शिवणाचा नमुना चिकटवलेली वही, वर्गाचा फिका पडलेला फोटो, माहेरच्या पत्त्यावर आलेले शाळेचे पत्र, असे काही आपल्या आजीच्या किंवा पणजीच्या सामानात सापडले, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी शाळेस अथवा जवळच्या इतिहास-संशोधन मंडळास दाखवावे, आणि त्या बाईंचे माहेरचे नाव व शाळेत असल्याचे साल त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे, एवढी वाचकांना विनंती आहे.